सोळांत एकदा

पान असं आहे. नाव: मिठाचा बांध.
चित्रात एक राखाडी भिंत, तीही जरा तिरकी,
चित्रकाराला त्या दिवशी घरी जायची घाई असावी.
खाली बारीक अक्षरात:
समोरच्याचा एकच घाव आठाहून मोठा असेल
तर तो झालाच नाही असं धरा.
एरवी काही नाही.

'एरवी काही नाही' हे छापलेलं नाही.
ते मी म्हणतेय.

कुशिरोच्या बंदरामागे, गळ आणि दोऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर
दर बुधवारी आम्ही नऊ जण खेळतो.
नऊ विषम, म्हणून प्रत्येक डावात एकाला बसून राहावं लागतं.
त्याने चहा करायचा.

मी पहाटे मासळी बाजारात पेट्या तोलते,
बर्फासकट, मग बर्फाशिवाय.
तेव्हा पानही तोलून पाहिलं.
चाळीस पानांचा कॅट, पाचव्या फेरीपर्यंत दहा हाती येतात,
म्हणजे चारांत एकदा हे दिसणार.
समोरच्या आठांत एवढा मोठा घाव घालणारे दोघेच,
पुन्हा चारांत एकदा.
सोळांत एकदा भिंत.
पंधरा वेळा हातात राखाडी कागद.

"काढून टाक, फुमिए," तोदोरोकी म्हणाले. दुकान त्यांचं.
"पानाची किंमत त्याच्यावर छापलेली नसते,
त्याच्यापायी घरी राहिलेल्या पानावर असते."
घरी राहिली होती कंदीलवाली,
दोन पानं ओढून देणारी, साधी, गुणी,
कुठल्याही कॅटमध्ये नांदेल अशी.

मुराकोशी बंदर खात्यात आहे,
लाटा फोडायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे मोजतो.
तो म्हणाला, "ठोकळ्यांना कुणी विचारतं का, आज किती अडवल्यात?"
"ठोकळ्यांना चाळिसांतली जागा लागत नाही," तोदोरोकी म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं.
मी पान ठेवलं.

अकरा बुधवार ते काही कामाला आलं नाही.
दोनदा पहिल्याच हातात आलं,
दुसऱ्याची छत्री सांभाळावी तसं मी ते शेवटपर्यंत सांभाळलं.

बाराव्या बुधवारी समोर सोता, चौदा वर्षांचा, नाकावर पट्टी.
त्याचा काळा देवमासा, अकराचा घाव.
माझे उरलेले नऊ.
त्याने पान आडवं केलं
आणि दप्तर आवरायला घेतलं.

मी बांध खाली ठेवला.

त्याने तो उचलून वाचला.
परत वाचला.
"हे आहे खेळात?"
तोदोरोकींनी मान हलवली, जरा नाखुशीनेच.

मिळाली एक फेरी.
त्या फेरीत जे ओढलं ते काही कामाचं नव्हतं.
मग देवमासा पुन्हा आला आणि मी हरले.

रात्री हिशेब मांडला:
खर्च दोन नाणी आणि एक जागा,
जमा एक फेरी, तीही रिकामी.
वहीत शेरा लिहिला, पाचांत दीड.
बांध ड्रॉवरमध्ये गेला, जुन्या बॅटऱ्यांशेजारी.
कंदीलवाली नांदायला आली.

पुढच्या बुधवारी सोताने देवमासा आणलाच नाही.
दोन लहान मासे आणले.
सात, आणि सात.
त्याला त्यात एक फेरी उशीर होतो, हे तोही जाणून होता,
पण माझ्या हातातल्या एका पालथ्या पानावरून
त्याची नजर हटेना.

ते पान कंदीलवाली होती.

मी चेहरा बर्फासकट ठेवला.

त्याच्या पुढच्या बुधवारीही सात, आणि सात.
एक उशिराची फेरी, दर आठवड्याला, फुकट,
चाळिसांत जागा न घेता.
वहीतला शेरा खोडावा का, ठरत नाही.
तोलायचं तर पान काट्यावर ठेवावं लागतं,
आणि हे तर घरी,
बॅटऱ्यांशेजारी पडलंय.

त्या दिवशी चहाची पाळी मुराकोशीची.
कप घेऊन तो माझ्या मागून गेला,
माझा हात त्याला सगळा दिसला.
काही बोलला नाही.
कप तेवढा जरा जोरात ठेवला.